उशीर झाला म्हणजे माणूस बेफिकीर ठरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अपघातात जखमी झालेल्यांचे भरपाईचे दावे केवळ उशिराच्या कारणावरून फेटाळले जाऊ नयेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘ज्याला सहा महिन्यांत साधा अर्ज करता येत नाही तो बेफिकीर आहे, त्याने भरपाई मागूच नये’ हे वाक्य आपण ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर मला अत्यंत खटकला. उशिराने आलेल्या दाव्यात विमा कंपनीलाही साक्षीदार मिळणे कठीण जाते, हे आपले म्हणणे रास्त आहे आणि ते मी मान्य करतो.

मात्र त्या वाक्याचे उत्तर देणे भाग आहे. 1991 मध्ये नागपूरच्या वर्धा रोडवर ट्रकच्या धडकेत माझ्या थोरल्या भावाच्या मांडीचे आणि कमरेचे हाड मोडले. मेडिकलमधला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला, लांबलेला मुक्काम, एकामागून एक शस्त्रक्रिया, घरातल्या एकुलत्या एक कमावत्या माणसाचा बंद पडलेला पगार. अशा वेळी कोर्टाची पायरी चढायचे कोणाला सुचते? शिवाय कायमचे अपंगत्व किती, हे उपचार संपल्याखेरीज डॉक्टर लिहून देत नाहीत, आणि तो दाखला हाती नसताना भरपाईचा नेमका आकडा मांडता येत नाही. आम्ही दावा दाखल केला तेव्हा वर्ष उलटून गेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती, आणि कारण कितीही सबळ असले तरी बारा महिन्यांपलीकडचा उशीर माफ करण्याचा अधिकार अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला नव्हता. दावा मुदतबाह्य ठरला. अपघातात चूक कोणाची होती, हे कोणी तपासलेच नाही. अशा माणसाला बेफिकीर म्हणण्यापूर्वी आपण मेडिकलच्या अस्थिरोग वॉर्डात एक दुपार बसून यावे.

संसदेने ही मुदत 1994 मध्ये काढून टाकली, आणि 1996 मध्ये धन्नालाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलाचा लाभ तोवर प्रलंबित असलेल्या जुन्या दाव्यांनाही दिला. 2019 च्या दुरुस्तीने तीच सहा महिन्यांची मुदत परत आणली. ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, आणि या वेळी विलंब माफीची जुनी तरतूदही ठेवलेली नाही. माझा आक्षेप नेमका याला आहे, आणि त्यावर आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षरही नाही.

बोगस दावे, वकिलांची टक्केवारी आणि न्यायालयांवरचा ताण यांविषयी आपण जे लिहिले आहे, ते माझ्या लेखाच्या विषयाबाहेरचे असल्याने त्यात मी शिरत नाही. कलम 166 वर आपले काही म्हणणे असेल तर जरूर लिहावे, मी उत्तर देईन. जखमी माणसांना नावे ठेवणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे येथे प्रसिद्ध होणार नाही.