मुलांची घरकामं आणि वचनाचा धाक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलांना बायबलमधली वचनं सांगत घरकाम शिकवावं, या आमच्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप तीन. चार-पाच वर्षांच्या पोराला देवाचं नाव घेऊन कामाला लावणं म्हणजे धाक दाखवणं. ही कामं शेवटी मुलींच्याच गळ्यात पडतात. आणि घरी मावशी कामाला येत असताना या वयात मुलांनी खेळावं. पहिल्यात बरंच तथ्य आहे, म्हणून तिथेच जास्त थांबू.

आपल्या घरांत वचन बहुधा रागाच्या भरात बाहेर येतं. ताट तसंच टाकून पोरगं उठलं, की लगेच बायबलमधल्या पत्रातलं २ थेस्सलनीकाकरांस ३:१०: काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. प्रेषित पौलाने हे कामधंदा सोडून लुडबुड करत फिरणाऱ्या मोठ्या माणसांना लिहिलं होतं, पोरांची भाकरी अडवायला नव्हे. त्याच्याच दुसऱ्या पत्रातलं कलस्सै ३:२० (आईबापांच्या आज्ञेत राहा) मुलांकडून पाठ करून घेतात. लगेच पुढचं २१वं वचन, मुलांना चिरडीस आणू नका, हे बापांसाठी आहे. ते मात्र कोणी पाठ करत नाही! या वयाचं मूल ऐकलेलं शब्दशः धरतं. ‘देव बघतोय हं’ म्हटलं की त्याला चौकातला पोलीस दिसतो. ‘काम केलंस तर प्रभू तुझ्यावर प्रेम करेल’ ही तर सरळसरळ चुकीची शिकवण आहे. इफिसच्या पत्रात, अध्याय २ मध्ये, कृपा (देवाने न कमावता दिलेलं दान) ८व्या-९व्या वचनात येते आणि सत्कृत्यं त्यानंतर, १०व्यात. हा क्रम उलटला की प्रीतीची मजुरी होते.

म्हणून मूल चुकलेलं असताना वचन काढायचंच नाही. काम चालू असताना काढायचं, तेही गोष्ट म्हणून.

बायबलच्या जुन्या करारातली, २ राजे ४ मधली कर्जबाजारी विधवा घ्या. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणलेली, दार लावून घेतलेलं, मुलं एकेक भांडं पुढे करताहेत आणि आई घरातलं थोडंसं तेल ओततेय, ते देवाच्या कृपेने भांडी संपेपर्यंत संपत नाही. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हा प्रसंग मुलांना समजावून सांगावा लागत नाही. त्यातलं मुलांचं काम नीट पाहा: रिकामं भांडं पुढे करायचं. ओतायचं आईने. लहान मुलाला एवढंच द्यावं. भरलेला हंडा दहा-बारा किलोचा, पाच वर्षांचं मूल साधारण अठरा किलोचं. त्याच्या हाती फार तर एक लिटरचा तांब्या. पिंपाजवळ त्याला उभं करूच नका. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकलं की ते डोक्यावर आत जातं आणि त्याला बाहेर निघता येत नाही. नळ आणि पिंप मोठ्यांकडे, मूल दाराच्या बाजूला, पायाखाली गोणपाट, कारण ओल्या फरशीवर पाय हमखास घसरतो. पाणी यायच्या आधी लहान भांडी आतून नारळाच्या शेंडीने घासायचं काम त्याचं. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी कडेला चिकटलेली असतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेवटी पिंपाला बांधायचं फडकं मुलाने मोठ्यांच्या हाती द्यायचं.

रोजच्या नेमासाठी मंदिरात सेवा करणारा लहानगा शमुवेल बरा. त्या रात्री देवाने त्याला नावाने हाक मारली, आणि सकाळी उठून त्याने काय केलं, तर परमेश्वराच्या मंदिराचे दरवाजे उघडले (१ शमुवेल ३:१५). रोजचंच काम! तसं एकच काम, ठरल्या वेळी, महिनाभर: चपलांच्या जोड्या लावणं, किंवा जेवणानंतर भाकरीचे तुकडे डब्यात गोळा करणं. तुकड्यांचं काम देताना योहान ६:१२ सांगा: लोक जेवल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून.

शिकवताना शेवटची पायरी आधी द्यावी. रुमालाच्या दोन घड्या तुम्ही घाला, तिसरी त्याला घालू द्या. ती जमली की शेवटच्या दोन त्याच्या. काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही येतं. सोलापुरी चादर मात्र त्याला एकट्याने घडी घालायला देऊ नका. जड असते, टोकं जुळत नाहीत आणि रडारड होते. दोघांनी समोरासमोर धरावी. वाकडी घडी त्याच्या देखत पुन्हा घातलीत, तर उद्यापासून तो हात लावणार नाही.

शेंगाचटणीत मुलांना घेणाऱ्यांनी एवढं पाळावं: चार वर्षांखालच्याला शेंगदाण्यांपासून लांबच ठेवा, दाणा घशात अडकतो. पाच-सहा वर्षांच्याने भाजून गार झालेल्या दाण्यांची सालं चोळून काढावीत, आणि तिखट खलबत्त्यात पडण्याआधी हात धुऊन उठावं. तिखटाचा हात डोळ्याला लागला की सगळंच संपलं.

मुलींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. योहान १३ मध्ये कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा प्रभू येशू स्वतः आहे, आणि योहान २१ मध्ये कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावणाराही तोच. मुलगा ताट उचलत नसेल, तर आधी बापाने स्वतःचं उचलावं. शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) वेगळं सांगून उपयोग नाही.

राहिला खेळ. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला दहा मिनिटं काम, सहा वर्षांच्याला वीस, याच्या वर आमच्या मते जाऊच नये. मावशींच्या येण्याने यात फरक पडत नाही; त्यांच्यासाठी ताट खरकटं ठेवून उठणं हेही एक शिक्षणच आहे, फक्त नको ते.

‘नाहीच म्हणाला तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. जेवण अडवायचं नाही, आणि सगळ्यांसमोर प्रार्थनेत माफीही मागायला लावायची नाही. त्यातून मुलं प्रार्थनाच टाळायला शिकतात. ‘चल, दोघं मिळून करू’ म्हणून सुरुवात करून द्या, शेवटची एक चप्पल त्याच्यासाठी ठेवा. तरीही नाही म्हणाला तर तेवढ्यापुरतं सोडा. सलग आठवडाभर नाही म्हणत असेल, तर काम त्याच्या वयाला जड आहे किंवा वेळ चुकली आहे. शाळेतून भुकेला आलेल्या पोराकडून काम होत नाही, आधी त्याला खाऊ घाला.

सलाम.