स्पितीहून परतल्यावर आपण दिलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला, सोबतची छायाचित्रे मोठी करून पाहिली आणि ज्या मेस्त्रींनी आपल्या ट्रकवर कॅम्परची, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली, बॉडी बसवली त्यांच्याशी बोलून हे उत्तर लिहीत आहोत. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : ग्रांफू ते बातल या टप्प्यात बॉडी चासीपासून (ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून) सुटू लागली, म्हणून काझात ती यू-बोल्टने (इंग्रजी U च्या आकाराच्या बोल्टने) आवळून घ्यावी लागली, परतीच्या वाटेवर स्वयंपाकाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून चीर गेली आणि मागच्या चाकांवरचा भार पेलणारा एक पाटा तुटला, चंद्रतालजवळच्या मुक्कामात हीटरने नुसता धूर केला, शिवाय मोठी पाण्याची टाकी आणि उंच सस्पेन्शन आम्ही नाकारले ते काम टाळण्यासाठी.

बॉडी ‘सुटली’ असे ज्यावरून आपण म्हणता, ते बातलचे छायाचित्र आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्यात पुढचे डावे चाक धोंड्यावर आहे, मागचे उजवे चाक उंचवट्यावर आहे आणि मागे डावीकडे बॉडीची फ्रेम चासीच्या पट्टीपासून साधारण दोन बोटे वर उचललेली दिसते. त्या फटीतल्या बोल्टवरची स्प्रिंग दबलेली आहे, नट जागेवर आहे आणि बोल्टचा घासून चकाकणारा भाग स्वच्छ दिसतो, म्हणजे तो ज्या कामासाठी बसवला तेच काम करत होता. ट्रकची चासी वाकडीतिकडी वाट आली की पिळली जाते, तशी ती पिळली जावी अशीच तिची घडण असते आणि त्यामुळेच चारही चाके जमिनीला टेकून राहतात. उलट कॅम्परची बॉडी म्हणजे दारे-खिडक्या कापलेली ताठ पेटी; तिला पीळ सोसत नाही. म्हणून केबिनमागचे दोन बिंदू पक्के ठेवायचे आणि मागचे बिंदू स्प्रिंगवर मोकळे सोडायचे, ही खडतर रस्त्यावरच्या जड कॅम्परसाठी जगभर रुळलेली पद्धत आहे. चासी सरळ झाली की फट मिटते आणि फ्रेम परत बसताना ‘खट्ट’ असा आवाज येतो. हा आवाज येईल, हे गाडी ताब्यात देताना आपल्या कानावर घातले होते आणि माहितीपत्रकातही ते लिहिलेले आहे.

काझातल्या गॅरेजने स्प्रिंगच्या शेजारीच यू-बोल्ट घालून मागची बाजू चासीला जखडली. त्या कारागिराचा हेतू चांगला असणार, कारण माल वाहणाऱ्या ट्रकचा हौदा सहसा तसाच बांधतात आणि त्याने आयुष्यभर तेच काम केले असेल. पण त्यानंतर चासीचा प्रत्येक पीळ थेट बॉडीत शिरू लागला आणि ताठ पेटीत पीळ शिरला की ती सर्वांत आधी फाटते ती कापलेल्या भागाच्या कोपऱ्यात. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात चीर नेमकी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघाली आहे आणि यू-बोल्टखाली रंग खरवडला गेला आहे. जाताना त्याच रस्त्यावर बॉडीला ओरखडाही गेला नव्हता, हे आपणच लिहिले आहे.

आता पाट्याविषयी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी टाक्या भरून, गॅस, अंथरूण-पांघरूण आणि दोन माणसांसह ती वजनकाट्यावर नेली होती आणि दोन्ही ॲक्सलचे (चाकांच्या आसांचे) वजन वेगवेगळे घेतले होते : पुढे २,६१० किलो, मागे ४,७२० किलो, एकूण ७,३३० किलो. आपल्या ट्रकची मर्यादा एकूण ७,५०० आणि मागच्या ॲक्सलला ५,००० किलो आहे. काट्याच्या पावतीवर आपली सही आहे; ज्या वजनकाट्याच्या खर्चाला आपण ‘फुकटचा भुर्दंड’ म्हटले आहे, तो हाच. त्यानंतर आपण दुसरीकडून मागे लोखंडी कॅरियर लावून त्यावर मोटरसायकल ठेवलीत. दोन्ही मिळून २६० किलो धरले तरी ते मागच्या ॲक्सलवर २६० किलो पडत नाहीत. ते वजन ॲक्सलच्या मागे १.६ मीटरवर लटकते आणि आपल्या ट्रकचा व्हीलबेस (दोन ॲक्सलांमधले अंतर) ३.२ मीटर आहे, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर ३९० किलो चढतात आणि पुढचा ॲक्सल १३० किलोंनी हलका होतो. म्हणजे मागे ५,११० किलो आणि एकूण ७,५९० किलो; दोन्ही आकडे मर्यादेबाहेर, आणि तेही गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा पाट्यावर येणारा भार याहून कितीतरी अधिक असतो. त्यातच आपण टायरमध्ये हमरस्त्याचीच ९५ पाउंड हवा संपूर्ण प्रवासात ठेवलीत. हळू चालवायच्या दगडी टप्प्यात टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा उतरवली असती, तर बरेच हादरे टायरनेच पोटात घेतले असते. आणि हवा परत भरायचा कॉम्प्रेसर तर आम्ही चालकाच्या सीटखाली बसवूनच दिला आहे.

मोठ्या टाकीला नकार दिला तो याच हिशेबामुळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपण सांगितलेली ३०० लिटरची टाकी मागच्या टोकाला बसवली असती, तर मोटरसायकलच्या आधीच मागचा ॲक्सल मर्यादा ओलांडून गेला असता. म्हणून १५० लिटरची टाकी दोन ॲक्सलांच्या मध्ये, फरशीखाली, आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या घालून बसवली. सस्पेन्शन चार इंच उंच करण्याचेही तसेच : बॉडीमुळे ज्या गाडीचा गुरुत्वमध्य मुळातच वर गेला आहे, ती आणखी उंच करून दरीकाठच्या कलत्या रस्त्यावर पाठवायला आमचे मन धजावत नाही. या दोन कामांचे पैसे आम्हालाच मिळणार होते, तेव्हा ती टाळण्यात आमचा काय फायदा, हे आपणच पाहावे.

हीटरबाबत आपली नाराजी आम्ही समजू शकतो, कारण तिथे रात्री थंडीत कुडकुडणे ही गंमत नव्हे. चंद्रतालच्या परिसरात, म्हणजे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्केच उरतो. हीटरचा पंप मात्र डिझेल पूर्वीइतकेच सोडत राहतो, ते पुरते जळत नाही, काजळी धरते आणि हीटर स्वतःला बंद करून घेतो. आपल्या हीटरला उंचीची सेटिंग आहे, पण ती हाताने लावावी लागते. त्याची चिठ्ठी नियंत्रकाच्या झाकणाच्या आत चिकटवलेली आहे. आता मात्र आतली काजळी साफ केल्याशिवाय तो चालवू नये.

आपण गाडी घेऊन यावे. यू-बोल्ट काढणे, मागच्या स्प्रिंगचा ताण तपासणे आणि हीटरची सफाई यांचे पैसे आम्ही घेणार नाही. चिरलेला कोपरा आणि नवा पाटा यांचा खर्च आपल्याला द्यावा लागेल व त्याचे कोटेशन काम सुरू करण्यापूर्वी लेखी मिळेल. कॅरियर मागे तसेच ठेवायचे असेल तर आतले सामान कमी करून गाडी पुन्हा काट्यावर न्यावी लागेल, त्याशिवाय आम्ही पाट्याच्या कामाला हात लावणार नाही. तोवर तुटक्या पाट्यावर गाडी चालवू नये. आमच्याकडे आणायची ती ओढून आणावी.