गव्याच्या पोटात कुळीथ का नकोत? मडगावच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि दोन ओळीत थँक्यू म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी क्रोशाचा छोटा गवा कसा विणायचा ते लिहिलं होतं, पोटात वजन भरून. त्यावर ताईंचं म्हणणं असं की एकीकडे घरी हाताने केलेलं म्हणून कौतुक करायचं आणि आत प्लास्टिकचे दाणे भरायचे हे काही पटत नाही, त्यांच्या आजीने शिवलेल्या बाहुलीत कुळीथ होते, गोव्यात तांदूळ, कुळीथ, वाळू कशाला तोटा आहे का, आणि मुळात वजन हवंच कशाला, कापूस भरला की झालं. शिवाय दाणा सुटून पोराच्या तोंडात गेला तर?

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. मी लिहिलं होतं, "मान बंद करायच्या आधी दाणे ओता." मी स्वतः कधीच नुसते ओतत नाही, थैलीत भरते, पण हाताला इतकी सवय झालीय की ते लिहायचंच राहून गेलं आणि नवीन शिकणारी कोणी तसंच्या तसं करून बसली असेल तर ते माझ्यामुळे. क्रोशाची वीण कितीही घट्ट घातली, 2.5 एमएमची सुई घेतली, तरी ती ताणते, आणि मूल पाय धरून ओढतं तेव्हा टाक्यांमधली भोकं उघडतात, त्यातून 3 एमएमचा दाणा आरामात बाहेर येतो. म्हणून मांजरपाटाची थैली, मलमल नको कारण ती विरळ असते. शिवण दोनदा घालायची, थैली पाऊणच भरायची म्हणजे ती पोटात हवी तशी बसते, आणि तोंड गाठ मारून नाही तर शिवून बंद करायचं. एवढं करूनही वजनाचं खेळणं 3 वर्षांच्या आतल्या मुलाला देऊच नये. त्यांच्यासाठी कापूसच, आणि डोळेसुद्धा प्लास्टिकचे न लावता धाग्याने भरायचे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यात तर असलं काही ठेवूच नका, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली बाळांसाठी वजनाची पांघरुणं, वजनाचे कपडे वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. हे सगळं मी मूळ लेखात आज टाकतेय.

आता वजन कशाला. ताई, ससा किंवा बदक असतं तर मी तुमचं लगेच ऐकलं असतं, ती गोल बुडाची, कापसावर छान बसतात. पण गवा बघितलाय ना तुम्ही? आमच्या सत्तरी तालुक्याच्या बाजूला कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरतात तेव्हा लांबूनसुद्धा आधी दिसतो तो खांद्यावरचा उंचवटा, सगळं अंग पुढे, मागचा भाग त्यामानाने उतरता, आणि पाय बघावे तर गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे बारीक. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो, त्याला डुकरासारखा गोल करून कसं चालेल? मी मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणारा धाग्याचा फास) 6 मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घेऊन सुरुवात करते, मग 12, 18, 24 असे वाढवत नेते, आणि खांद्यापाशी पाठीच्याच बाजूला जास्तीच्या वाढी घालते म्हणजे तो उंचवटा येतो. तो आला आणि पुढे शिंगांचं डोकं लागलं की गवा नाकावर पडतो. प्रत्येक वेळी पडतो. पहिले दोन मी भिंतीला टेकवून ठेवले होते! मग मागच्या दोन्ही पायांत अंगठ्याएवढ्या थैल्यांत 15-15 ग्रॅम आणि पोटाच्या मागच्या बाजूला 60 ग्रॅम असं भरलं तेव्हा तो चार पायांवर उभा राहिला, आणि तळहातावर घेतला की जनावर घेतल्यासारखा भार लागतो. माझ्यासाठी वजन एवढ्यासाठीच आहे. वजनामुळे मूल शांत होतं, झोपतं असं मी कुठेच लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. 2014 मध्ये पेडियाट्रिक्स या जर्नलमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांना वजनाची पांघरुणं देऊन केलेला अभ्यास आला होता, त्यात मुलांना आणि आईबाबांना पांघरुण आवडलं पण झोप काही वाढली नाही. आवडणं ही पण मोठी गोष्ट आहे, पण औषध म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि कुळीथ. ताई, कुळीथ मी भरून बघितलेत. माझ्या भाचीसाठी कासव केलं होतं, पोटात कुळीथ, तुमच्यासारखाच विचार करून की घरचं धान्य, शुद्ध, प्लास्टिक नको. ते जूनमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर राहिलं आणि रात्री पावसाची झड आत आली. वरून हात लावला तर लोकर सुकलेली वाटली म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर ते घेऊन माझ्याकडे आली, कासवाच्या पोटाखालून टाक्याटाक्यांतून पांढरे मोड बाहेर आलेले आणि आंबूस वास. तिला वाटलं कासवाला काहीतरी झालं, ती रडायची थांबेना. मी तिच्यासमोर ते उसवू शकले नाही, ती झोपल्यावर उसवलं, आतले कुळीथ फुगून बुळबुळीत झाले होते आणि हिरव्या लोकरीला आतून काळी बुरशी. धुवून गेली नाही. टाकून द्यावं लागलं. त्या दिवसापासून धान्य बंद.

तांदळाला तर भिजायचीही गरज नाही, नुसत्या दमट हवेत पोरकिडे होतात. तुम्हाला सांगायला नको, चिऱ्याच्या भिंतींची आपली घरं, वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, कपाटातल्या चपलासुद्धा पांढऱ्या होतात. कोरड्या हवेच्या गावात भरलेली तांदळाची खेळणी टिकत असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. इथे नाही टिकत. समुद्राची वाळू म्हणाल तर तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, ती कायम ओलसर राहते, आणि बारीक वाळू साध्या कापडातूनही झिरपते. चिंचोक्यांना आतून भुंगा लागतो. सागरगोटे मला फार आवडले असते, ते कडक, पाणी आत शिरत नाही, कीड नाही, पण समुद्रावर तरंगत येणारी बी ती, वजनाला हलकी, आणि आकाराने एवढी मोठी की गव्याच्या पोटावर टेंगळं दिसतात. एक मात्र हात जोडून सांगते, लाल-काळ्या दिसायला सुंदर म्हणून कोणी गुंजा भरू नका. त्या विषारी आहेत, फुटलेली गुंज चावून पोटात गेली तर मोठ्या माणसाच्याही जिवावर बेतू शकतं.

राहिला प्लास्टिकचा मुद्दा, आणि तो मला खरंच लागला. तुमचं चुकीचं नाही. फक्त हेही बघा की दाणे काढले म्हणजे प्लास्टिक गेलं असं होत नाही, आपण जी अॅक्रिलिकची लोकर वापरतो ते प्लास्टिकच, फायबर म्हणून भरतो ते पॉलिएस्टर. काढायचंच तर सगळं काढायला हवं, सुती धागा घ्यायचा आणि आत दाण्यांऐवजी काचेचे बारीक गोल मणी. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, मी दोन गवे असे केलेत. प्लास्टिकचे 100 ग्रॅम दाणे म्हणजे चहाचा कप भरून होतात, अर्धं पोट त्यांनीच भरतं, तेवढ्याच वजनाची काच चार मोठ्या चमच्यांत मावते, त्यामुळे पोट मऊ राहतं. धुता येते, कुजत नाही, वास धरत नाही. महाग पडते म्हणून मी ती लिहिली नव्हती, आपल्याकडे शिकणाऱ्या बऱ्याच जणी घरखर्चातून वाचवून लोकर आणतात हे मला माहीत आहे. पण दोन्ही पर्याय लिहून कोणाला काय परवडतं ते त्यांच्यावर सोडायला हवं होतं. नुसता शोभेला ठेवायचा असेल तर नदीतला गुळगुळीत गोटा उकळून, उन्हात खडखडीत वाळवून थैलीत शिवला तरी उत्तम. मुलाच्या हातात मात्र गोट्याचा नको, फेकला तर लागतो.

तुमच्या आजीच्या बाहुलीबद्दल मात्र मला अजून ऐकायचंय. कुळीथ भरूनही ती टिकली म्हणजे त्यांनी काहीतरी केलं असणार, कुळीथ भाजून घेतले होते का, की बाहुली चुलीच्या वरच्या फळीवर असायची? भाजलेल्या कुळथाला निदान मोड येणार नाहीत, हे मला तुमची प्रतिक्रिया वाचतानाच सुचलं आणि मी ते करून बघितलेलं नाही. बाहुली अजून तुमच्याकडे असेल तर पाऊस लागायच्या आधी एक दिवस कडक ऊन दाखवा, आणि शिवणीपाशी बारीक पीठ सांडलेलं दिसलं तर लगेच एका बाजूने उसवून कुळीथ तेवढे बदला, आजीची बाकीची शिवण तशीच राहू दे. आणि जमलं तर तिचा एक फोटो पाठवा ना, शिवणीचा जवळून.