जागरणाची सवय खरंच होते का? ‘घाटवाटा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार घाटवाटा,

सहाशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) मी अर्ध्यात का सोडली, त्या लेखावर तुम्ही वेळ काढून लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: 420 किलोमीटरवर बोटं बधिर झाली म्हणून डीएनएफ घेणाऱ्याने, म्हणजे राइड अपूर्ण सोडणाऱ्याने, नव्या मुलांना तब्येतीचे धडे देऊ नयेत. रॅमवाले, म्हणजे ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत करणारे, दिवसाला दीड-दोन तास झोपतात, तेव्हा जागरणाची सवय सरावातच लावली पाहिजे. दुखलं की गोळी घ्यायची आणि पुढे जायचं, दुखणं अंगात मुरवायचं. शिवाय माझा खाण्याचा भाग पुस्तकी आहे.

हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी एनर्जी जेल आणि पावडरींवर दोन परिच्छेद खर्च केले. कराडच्या पुढे रात्री दोन वाजता काय मिळतं आणि पोटात काय टिकतं, यावर एक ओळ नाही. तुम्ही दहीभात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचे लाडू सुचवलेत, ते लेखात घालतो आहे. फक्त एक जोडतो. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साधारण 60 ग्रॅमच शोषू शकतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर ते वेगळ्या वाटेने आत जातं आणि आकडा 90 पर्यंत नेता येतो. केळं, खजूर, गूळ यांत दोन्ही असतं. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे 60 ग्रॅमसाठी तासाला दोन-अडीच केळ्यांइतकं पोटात जायला हवं. आणि ही सवय खरोखर होते. दर रविवारी शंभर-सव्वाशेच्या राइडवर ठरवून खात गेलं की काही आठवड्यांत आतडं जास्त शोषायला शिकतं. पहिल्या महिन्यात मळमळायचं, तिसऱ्या महिन्यात तेच लाडू सहज जातात.

मानेचंही तसंच. 1983 च्या रॅममध्ये मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरता येईना. त्या अवस्थेला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. मान, खांदे आणि पोटाचे स्नायू व्यायामाने बळकट होतात. म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचला, असं मी लिहिलं होतं. सायकलिंगमध्ये हाडांवर अंगाचा भार पडत नाही, त्यामुळे नुसती सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडं विरळ होण्याचा धोका असतो. त्यासाठीही वजनं हवीतच.

पण झोप आणि नस या दोन गोष्टी या रांगेत बसत नाहीत, आणि आपला मतभेद तिथेच आहे. सतत कमी झोपणाऱ्या माणसाला काही दिवसांनी वाटतं, ‘जमतंय की आता.’ प्रत्यक्षात लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग रोज घसरत राहतो. थांबते ती फक्त पेंग येत असल्याची जाणीव. म्हणजे तुम्ही ज्याला सवय म्हणता, त्यात शरीर काहीच शिकलेलं नसतं. सूचना ऐकू येणं तेवढं बंद होतं.

ही जाणीव हरवली की काय होतं ते मी पाहिलं आहे. पहाटे साडेतीनला माझ्यापुढचा रायडर पांढऱ्या पट्टीवरून हळूहळू आत सरकत गेला. पाय फिरत होते, टेल लाइट चालू होता. मी ओरडलो तेव्हा त्याने वळून विचारलं, ‘काय झालं?’ झोप लागली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. मागून येणाऱ्या ट्रकने वेळेत हॉर्न दिला आणि बाजूने काढला, म्हणून तो आज घरी आहे. हे आठवणं मला अजून सोपं जात नाही.

रॅमचं उदाहरण इथे लागू होत नाही ते यासाठीच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्या स्पर्धकाला बारा दिवस. पण रात्री त्याच्या मागे स्वतःची गाडी असावीच लागते, आत माणसं जागी असतात, ती बोलत राहतात आणि गरज पडली तर त्याला उतरवतात. बीआरएममध्ये आपण, आपला दिवा आणि महामार्ग. सोबत कुणी नाही.

आणि आपल्याला तितकी कमी झोप घ्यावीच लागत नाही. सहाशेला 40 तास मिळतात. चालता वेग ताशी 22 धरला तर सायकलवर सव्वासत्तावीस तास जातात. उरतात पावणेतेरा. कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी), टपरीवर, पंक्चरला, गप्पांना नऊ तास गेले तरी तीन तासांची झोप त्यात बसते. वेळ जातो तो चहाला थांबून पाऊण तास उभं राहण्यात. तो हिशेब एकदा ब्रेव्हे कार्डच्या, म्हणजे राइडच्या नोंदींच्या कार्डाच्या, मागे लिहून बघा.

रात्रीचा सराव जरूर करावा. दुपारी झोपून रात्री आठला निघायचं, उजाडेपर्यंत चालवायचं, घरी येऊन दिवसभर झोपायचं. दिवे, थंडी, रात्रीचं खाणं हे सगळं त्यात शिकता येतं. पेंग आलीच तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं आडवं व्हावं, आडवं होण्याआधी कडक कॉफी घ्यावी. तिचा परिणाम उठेपर्यंत सुरू होतो.

आता बोटं. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, कारण करंगळीच्या बाजूने मनगटातून जाणारी नस हँडलबारवर दाबली जाते. माझ्या सॅडलचं नाक खाली झुकलं होतं, त्यामुळे अंगाचा भार तासन्‌तास हातांवर येत राहिला. दीडशेलाच मुंग्या येत होत्या. मी तेव्हा तुमच्यासारखाच विचार केला, मुरेल म्हणून. 420 ला ब्रेकची पकड नीट लागेना आणि पुढे उतार होता. त्यानंतर तीन आठवडे मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. लहान मुलीच्या वेणीला रबर लावायला गेलो आणि ते सुटून पडलं, तेव्हा खरी भीती वाटली. नस दाब सहन करायला शिकत नाही.

गोळीबद्दल मात्र स्पष्टच बोलतो: हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा शरीर ज्या रसायनांच्या जोरावर टिकवून धरतं, तीच आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं रोखतात. एप्रिलच्या उन्हात तीनशे किलोमीटर झाल्यावर ती घेणं म्हणजे मूत्रपिंड पणाला लावणं आहे. लघवी चहासारखी तपकिरी दिसली तर राइड तिथेच संपवून दवाखाना गाठायचा.

डीएनएफची लाज मी बाळगत नाही. श्रीनिवास गोकुळनाथ यांची 2016 ची रॅम अपूर्ण राहिली. 2017 ला ते परत गेले आणि एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरच्या अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या गटात पोहोचले होते. चौघेही डॉक्टर, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नवी मुलं घाबरून घरी बसतील असं तुम्ही म्हणता. मला आलेल्या निरोपांत मुलं सॅडल किती झुकलेलं चालेल, किती वाजता झोपावं, असं विचारतात. ती निघालेलीच आहेत.

लेखात खाण्याचा भाग नव्याने लिहितो आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. दहीभात तुम्ही पिशवीत नेता की डब्यात, आणि दुपारच्या उन्हात तो किती तास आंबत नाही?