खोटीची खरी नक्कल

मामांनी मस्कतहून आणलेला कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, आमच्या गुहागरच्या घरात अजून ठणठणीत आहे. फ्लॉप्यांचं तसं नाही. कोकणात चार महिने पाऊस नुसता बाहेर पडत नाही, कपाटातही पडतो. चपला, पापड, फ्लॉप्या, बुरशी भेदभाव करत नाही.

म्हणून म्हटलं, नकला काढून ठेवू. साध्या फ्लॉपीचं काही नाही: ३५ ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), १७० केबी, चहा होईस्तोवर काम फत्ते. गेमच्या फ्लॉपीची गोष्ट वेगळी. तिच्यात कंपनीनेच मुद्दाम एक सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा एक तुकडा, नासवलेला असतो. गेम सुरू झाला की आधी तिथे जातो. २३ नंबरचा एरर (वाचलेला डेटा जुळत नाही) आला तर तुम्ही सज्जन, नाही आला तर चोर! साधा कॉपी प्रोग्राम ती खोट उचलतच नाही. नक्कल मुळापेक्षा निरोगी निघते आणि म्हणूनच चालत नाही.

मग निबलर नावाचा कॉपी प्रोग्राम लावायचा, जो कच्चे बिट्स जसेच्या तसे उचलतो. पण आमच्याकडे पुढचा घोळ असा की बुरशीही २३च देते. कंपनीची खोट कुठली आणि आषाढाची कुठली?

त्यात फ्लॉपी वाचणाऱ्या १५४१ ड्राइव्हला, वाचणारं हेड पहिल्या ट्रॅकवर पोचल्याचं सांगणारा सेन्सरच नाही. एरर आला की हेड मागे जाऊन अडसरावर आपटतं. खडडड! स्वयंपाकघरातून काकू ओरडते, "अरे, दार वाजतंय, बघ कोण आहे!" पुढे खरंच पोस्टमन आला तेव्हा कुणी उठलंच नाही. या आपटण्याने हेडचं अलाइनमेंट बिघडतं ते वेगळंच. म्हणजे पैसे मोजून गेम घेणाऱ्याचाच ड्राइव्ह खिळखिळा.

शेवटी पाकिटाची कड ब्लेडने कापून चकती बाहेर काढली. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अगदी हलक्या हाताने पुसायचं. कापूस करडा आला तर बुरशी निघाली, तपकिरी आला तर गेमच निघाला. पुसलेली चकती दुसऱ्या पाकिटात सरकवली, निबलर लावला, ३४व्या ट्रॅकवर लाइट गेली. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

झाली एकदाची नक्कल. गेम उघडला, सूर वाजले, आणि पडद्यावर चोर ओळखायची दुसरी परीक्षा: मॅन्युअलच्या पान १४ वरच्या दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द लिहा.

मॅन्युअल होतं. वरचं कव्हरही शाबूत. आत मात्र वाळवीने कोकण रेल्वेच्या तोंडात मारेल असा बोगदा काढलेला.

इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा शब्द म्हणून अंदाजाने 'द' ठोकून दिला. बरोबर निघाला!

पुढच्या खेपेला त्याने पान ३१ विचारलं.