एन्क्रिप्शन पटवा, मिसळ गार करा

रविवारी सकाळी मंडळी मिसळीला जमली, की एकजण म्हणतोच, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय भाऊ?" एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लागणारं गणिताचं कुलूप, पटवून द्यायची हीच वेळ. त्याने पाव मोडायच्या आत मूळ संख्यांना हात घाला. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण उत्तरावरून त्या दोन शोधणं महाकठीण, हे पेपर नॅपकिनवर मांडून दाखवा. व्हॉट्सॲपच्या मेसेजचं कुलूप या गणितावर नाहीच, तिथे कर्व्ह 25519 नावाचं वेगळंच प्रकरण आहे, ही क्षुल्लक बाब गाळा.

तरीही तो रस्साच मागवत राहिला, तर खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल काढा: 24 ऑगस्ट 2017, नऊ न्यायमूर्ती, 547 पानं. दही-पापडापर्यंत सहज पुरतो.

मग हुकूम सोडा, सगळ्यांनी आजच टेलिग्रामवर या! तिथलं साधं चॅट एंड-टू-एंड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असं, नसतं, सिक्रेट चॅट वेगळं उघडावं लागतं आणि ग्रुपला तर ते मिळतच नाही. पण भरात असताना एवढं कोण बघतं?

बॅकअपचं नाव मात्र काढू नका. 2016 पासून व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कोणाला वाचता येत नाही, पण रात्री गूगल ड्राइव्हवर चढणाऱ्या प्रतीला ते कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. सोय 2021 पासून आहे, चालू आपणच करायची. तुम्ही केलीत आणि मित्राने नाही, तर तुमचंच बोलणं त्याच्या ड्राइव्हवर उघडं. हे सांगितलंत, तर इतका वेळ घसा कोणाच्या भल्यासाठी कोरडा केला ते फुटेल.

सगळ्यात घातक प्रश्न वेगळाच: "व्यापाऱ्याचा फोन आला, की तू उठून पार्किंगमध्ये का जातोस रे?" चुकूनही विचारू नका. द्राक्षं किलोला काय भावाने दिली, हे शेजारच्या बागवाल्याला कळू नये म्हणून जातो, हे त्याचं त्यालाच उमजेल. मग तो मोबाइल पुढे करेल, "लाव बाबा ते." दोन मिनिटांत काम आटोपेल. मोबाइल हरवला आणि बॅकअपचा पासवर्डही विसरलास, तर कंपनीसुद्धा बॅकअप उघडून देत नाही, एवढं म्हणालात की तो घरी जाऊन फवारणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवेल. आणि तुमच्या मूळ संख्यांवर पापड ठेवून दुसरी तर्री मागवेल.