मांडीवर घ्या म्हणे!

डोकं फिरलंय नुसतं. रविवारची अख्खी दुपार सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेली आणि पोरीची कार सीट काय गाडीत धड बसली नाही. नवऱ्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे घरात गाडी एकच, जुनी डबल केबिन पिकअप. कासारवडवलीहून माहेरी कळव्याला जायचं तरी तीच, आणि दुसरी घेणं सध्या परवडत नाही.

घेताना दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, मॅडम युनिव्हर्सल आहे, कुठल्याही गाडीत बसते. कुठल्याही?? आमच्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे हूक नाहीत, मागच्या बाकड्याला नुसते कमरेचे बेल्ट, आणि सीटच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की तीन पॉइंटचाच, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हीवरून जाणारा बेल्ट लागतो. मग हे विकताना एका शब्दाने विचारायचं नाही का, ताई गाडी कुठली? तरी म्हटलं निदान बघू तरी बसते का, तर बक्कल बाकड्याच्या फटीत गेलेलं, हात घालून काढताना बोटांची सालटी निघाली, आत वाळकी झेंडूची फुलं आणि सुतळी, आणि बेल्ट ओढून ओढून आणला तर चार बोटं कमी. चार बोटं!!

गॅरेजवाला म्हणतो, ताई पत्र्याला दोन बोल्ट मारून नवीन बेल्ट लावून देतो. अरे बाबा, नुसत्या पत्र्याला मारलेला बोल्ट जोराच्या झटक्यात पत्रा फाडून बाहेर येईल, त्या जागेला आतून मजबुती लागते.

राहिली पुढची सीट. तिथे तीन पॉइंटचा बेल्ट आहे, गाडीला एअरबॅगच नाही, पोरगी तीन वर्षांची, तोंड पुढे करूनच बसणार, आणि मॅन्युअलमध्ये पुढे चालते असं लिहिलंय. (एअरबॅग असती आणि बाळ मागे तोंड करून बसणारं असतं तर पुढे अजिबात नाही, ती फुगली तर जिवावर बेतते.) म्हणून सीट पार मागे सरकवली, नवऱ्याने गुडघा टेकवून सगळं वजन टाकलं, मी बेल्ट खेचला. बेल्टजवळ धरून हलवली तर इंचभराच्या वर हलता कामा नये, ही दोन इंच हलते. बेल्टचं रीळच म्हातारं झालंय, धरतच नाही.

आणि वर सासूबाई, "अगं मांडीवर घे की, आम्ही नाही का वाढवली?" आई, घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, खड्डे, कंटेनर, कचकन ब्रेक मारला तर हातात मूल राहत नाही हो! 2019 पासून कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण जुन्या गाडीवाल्याने ती बसवायची कुठे हे कोणी सांगत नाही.

आता पुढचं रीळ बदलायला टाकतेय, तोवर कळव्याला टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन आणि पुढे लोकल. आणि रीळ बदलून आलं की पहिली गाडी त्या दुकानाच्या दारात उभी करणार, सीट त्याच्या हातात देणार, बसवून दाखव म्हणणार, माझ्यासमोर.